सासूबाईंची वाघीण बघायला: मुरबे ते जव्हार

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. बोईसरच्या घरात मी सकाळचे डबे भरत होते आणि फोन वाजला. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनवर "हॅलो" वगैरे म्हणत नाहीत. थेट मुद्द्यावर येतात.

"केतकी, तुझी गाडी घाट चढते का गो?"

"चढते की. का?"

"मना वाघीण बघाया जायचंय."

कोणती वाघीण, हे मला विचारावं लागलं नाही. मुरबे गावात कोणालाच विचारावं लागलं नसतं.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझं सासर ठाऊक आहे, पण नव्यांसाठी सांगते. मी मूळची सातारकडची. लग्न होऊन मुरब्यात आले तेव्हा सुक्या बोंबलाच्या वासाने पहिले तीन महिने डोकं धरून बसायचे. आता नवरा तारापूरच्या एका कारखान्यात आणि मी तिथल्याच दुसऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला, म्हणून आम्ही बोईसरला राहतो. आई मात्र मुरब्यातच. सासरे गेल्यावरही त्यांनी मासळीचा धंदा सोडला नाही. पहाटे बंदरावर लिलावाला जातात, बोंबील वाळवतात, पालघरच्या बाजारात बसतात. गावात सगळे त्यांना मंजुळा बाय म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्या घरामागची खोली उघडायला गेल्या. तिथे जुनी जाळी आणि सुक्या मासळीच्या गोणी असतात. दार ढकललं तर कोपऱ्यात, जाळ्यांच्या ढिगावर, बिबट्याची मादी. इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. अंगाने वाळलेली, मागच्या पायात तार रुतलेली. रानडुकरासाठी कोणीतरी रानात लावलेली फासकी तिच्या पायात अडकली होती. ती तोडून, तारेसकट, ती कुठून कुठे फिरत समुद्रापर्यंत आली देव जाणे. आई ओरडल्या नाहीत. त्यांनी दार ओढलं, कडी घातली आणि मला फोन केला. मी वनखात्याच्या मदत क्रमांकावर कळवलं आणि तशीच स्कूटर काढून मुरब्याला पळाले.

मी पोचले तोवर अर्धं गाव जमलं होतं. कोणाच्या हातात वल्ही, कोणाच्या हातात बांबू. घाबरलेलीच माणसं ती. शेजारच्या घरात रांगतं मूल होतं. कोणी म्हणत होतं, खिडकीतून पेटतं गोणपाट टाका, धुराने मरेल. आणि दाराला पाठ लावून, मासळीची पाटी उपडी टाकून तिच्यावर आमच्या आई बसल्या होत्या. साडी खोचलेली. हात मांडीवर.

"आधी मना उठवा," त्या सांगत होत्या. "मग काय ते पेटवा."

वनखात्याची माणसं दुपारी आली. तोवर त्या तशाच बसून होत्या. आतून गुरगुर आली की जमाव चार पावलं मागे जायचा, पण त्या हलल्या नाहीत. भुलीचं इंजेक्शन देऊन मादीला नेलं. पुढे कळलं, पाय सडला होता म्हणून कापावा लागला. तीन पायांवर जंगलात शिकार जमणार नाही, म्हणून जव्हारच्या बाजूला जखमी बिबट्यांना सांभाळणारं एक केंद्र आहे तिथे तिला कायमचं ठेवलं.

आणि इथून आईंचा त्रास सुरू झाला. सुरुवातीला गावाने कौतुक केलं. मग बंदरावर बोलणं सुरू झालं, की लंगडी करून पिंजऱ्यात सडवण्यापेक्षा मेली असती तर सुटली असती. हे सगळ्यात मोठ्याने बोलणारे म्हणजे दामू काका, माझ्या सासऱ्यांचे चुलत भाऊ. त्या खोलीतली जाळी त्यांची होती आणि वाघिणीने ती फाडून टाकली होती, हेही खरं. आई उलट काही बोलायच्या नाहीत. पण एकदा भाकरी थापताना त्यांनी मला विचारलं होतं, "केतकी, मी तिला वाचवली का कोंडली गो?" मी तव्यावरची भाकरी उलटली आणि विषय बदलला.

म्हणून फोनवर मी लगेच हो म्हटलं.

त्या केंद्राविषयी आधीच सांगते, कारण नंतर मला विचारणा येतील. हे प्राणिसंग्रहालय नाही. तिकीट नाही, सफारी नाही, वाघाला पाठीमागे घेऊन सेल्फी तर नाहीच. आधी फोन करून कारण सांगावं लागतं, मग ते ठरवतात. गर्दी नको म्हणून त्यांनी नाव आणि नेमकी जागा लिहू नका अशी विनंती केली आहे, ती मी पाळतेय. मी फोनवर सांगितलं, "मुरब्याच्या मादीला ज्यांनी वाचवलं त्या माझ्या सासूबाई." पलीकडच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "पाटीवर बसलेल्या त्या आजी? घेऊन या. रविवारी सकाळी या, ऊन चढायच्या आत."

नवऱ्याला शिफ्ट बदलून मिळाली नाही. शनिवारी जेवून मी एकटीच निघाले. बोईसरला टायरमध्ये हवा भरून घेतली. हवा भरणाऱ्याने विचारलं, "मैडम, लंबा जा रहे हो?" मी म्हटलं, जव्हार, वाघ बघायला. तो हसला. "हमारे यहाँ बिहार में बाघ दिखे तो लोग भागते हैं, आप पेट्रोल डला के जा रहे हो!"

पाम गावाच्या बाजूने मुरब्याला पोचले तर आई ओट्यावर तयार. जरीकाठाची हिरवी साडी, डोक्यात अबोलीची वेणी. आणि शेजारी दामू काका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत पिशवी.

"काका कुठे निघाले?" मी हळूच विचारलं.

"येतोय आपल्यासंगं," आई मोठ्यानेच म्हणाल्या. "मी बोलली त्याला, बंदरावर बसून बोलतोस ते डोल्याने बघ नि मग बोल."

"मना काय, मी येतो," काका म्हणाले. "पण वयनी, मी जे बोलतो तेच तिथं दिसणार, हे आधीच सांगून ठेवतो."

तर अशी आमची वरात निघाली. पुढे काका, मागे आई, आणि आईंच्या मांडीवर जेवणाचा भला मोठा डबा. खारेकुरणवरून पालघर, पालघरच्या बाजारातली गर्दी पार केली की मनोरचा रस्ता. हा रस्ता आता बरा आहे, पण वाघोबा खिंडीच्या वळणांवर ट्रक अंगावर येतात, तेव्हा सावकाश. खिंडीत वाघोबाचं देऊळ आहे. येणारीजाणारी गाडी इथे थांबते किंवा निदान हॉर्न वाजवून नमस्कार करून जाते. डोंगरातली वारली माणसं वाघोबाला पिढ्यानपिढ्या मानत आलीत. वाघ हा शेजारी आहे, त्याचा मान ठेवायचा, असा हिशोब. माकडांपासून प्रसाद सांभाळा, एवढीच सूचना. आमचा एक पेढा गेलाच.

आईंनी नारळ फोडला. हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. नारळ विकणारी वारली बाई बघत होती.

"नवस हाय का?" तिने विचारलं.

"नाय बाय. एक वाघीण हाय ओळखीची. तिला बघाया चाललो."

त्या बाईला यात काहीच नवल वाटलं नाही. "मंग सुकाने जावा," ती म्हणाली आणि नारळाचं उरलेलं भकल पानात बांधून दिलं.

मासवणला सूर्या नदीचा पूल ओलांडला, पाणी अजून भरपूर होतं. मनोरला हायवे ओलांडताना मस्तान नाक्यावर ट्रकांची ही गर्दी. तिथे घाई करू नका. आम्ही नाक्यावर चहा घेतला. पुढे विक्रमगडचा रस्ता लागला. भातकापणी झालेली. खाचरांत पिवळे खुंट, खळ्यांवर पेंढ्या, मधूनच साग. काका समुद्रावर वाढलेले, या बाजूला त्यांचं कधी येणंच झालं नव्हतं. खिडकीची काच खाली करून बघत होते.

"इथून आपल्या गावात आली ती?" ते म्हणाले. "पायात तार घेऊन?"

"कुठून आली कोणाला ठाऊक," मी म्हटलं. "पण डोंगर ते समुद्र म्हणजे असं एवढं अंतर."

विक्रमगड येईपर्यंत काका रस्त्याकडेचे मैलाचे दगड वाचत राहिले.

जव्हारचा चढ संध्याकाळच्या उन्हात सुंदर दिसतो. गाडी घाट चढली, आईंनी मागूनच पुढच्या सीटला हात लावून गाडीला नमस्कार केला. मुक्काम बसस्टँडजवळच्या साध्या लॉजवर. खोल्या स्वच्छ, गरम पाणी सकाळी बादलीने मिळतं, दोन खोल्यांचे मिळून दीड हजाराच्या आसपास. शनिवार-रविवारी आधी फोन करून ठेवा. सनसेट पॉइंटवर गेलो. मुंबईची मुलं फोटो काढत होती. आई तिथेच कठड्याजवळ बसल्या आणि डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, तळलेले बोंबील. वास सुटला तशी शेजारची दोन मुलं वळून बघायला लागली. आईंनी न विचारता त्यांच्या हातात भाकरी दिली. रात्री लॉजखालच्या खानावळीत नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण खाल्लं. काकांनी नागलीची भाकरी आधी उलटीपालटी करून बघितली. मग तीन खाल्ल्या.

सकाळी लवकर निघालो. मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलो, गाडी खडखडली. मग एक साधं लोखंडी फाटक. पाटीसुद्धा नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मोबाइल एका पेटीत ठेवून घेतले आणि हलक्या आवाजात बोला असं सांगितलं. आत उंच जाळीच्या मोठमोठ्या आवारांची रांग, आवारांना बाहेरून हिरवं कापड, आत झाडं, लाकडी माचाणं, पाण्याचे हौद. मला वाटलं होतं पिंजऱ्यांचा उग्र वास येईल. वास येत होता तो ओल्या मातीचा आणि फिनेलचा.

फोनवर बोललेल्या डॉक्टर वैदेही सामोऱ्या आल्या. तिशीच्या, डहाणूच्या, पायात गमबूट. त्यांच्या मागून केंद्रातली सगळी माणसं आली, बहुतेक आसपासच्या पाड्यांवरची. स्वयंपाकघरातली बाई हात पुसत आली. ते सगळे आईंसमोर उभे राहिले. काय चाललंय ते आम्हाला कळेना.

"ह्याच त्या," डॉक्टर त्यांना म्हणाल्या.

त्यांच्यातला एक मध्यम वयाचा माणूस, जानू नावाचा, पुढे होऊन आईंच्या पाया पडला. आई एकदम मागे सरल्या. "अरे, काय करतोस! मासळीवाली हाय मी."

"आजी, आमी फोटो बघितलाय तुमचा," जानू म्हणाला. "वनखात्याच्या लोकांनी दाखवलेला. पाटीवर बसलेल्या तुमी."

असा फोटो आहे, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आईंनी पदर तोंडाला लावला. मी त्यांना इतक्या वर्षांत लाजताना पहिल्यांदा बघितलं. मी उगाच झाडांकडे बघायला लागले. शेजारी दामू काका शर्टाची बाही नीट करत होते.

डॉक्टर म्हणाल्या, "एक सांगते, निराश होऊ नका. तिला मोठ्या आवारात सोडून फार दिवस नाही झाले. मागच्या आठवड्यात जेवली नव्हती नीट. आज बाहेर येईलच असं नाही. आम्ही कुणाला बाहेर काढत नाही, यायचं तर तीच येते."

आईंनी मान हलवली. चालता चालता डॉक्टरांनी बाकीचे दाखवले. एक म्हातारा आंधळा नर, कासा नावाचा, उन्हात पंजे वर करून झोपला होता. उसाच्या शेतात सापडलेली दोन भावंडं. आता मोठी झाली होती, पण माणसांच्या हातून दूध प्यायलेली, त्यामुळे जंगलात सोडता येणार नव्हती. तलासरी नावाची मादी माचाणावरून आमच्याकडे अशी बघत होती, जणू आम्हीच आवारात आहोत.

"नावं गावांची ठेवता?" मी विचारलं.

"जिथे सापडले त्या गावाचं नाव. आमच्या माणसांनीच सुरू केलं," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या आवाराकडे बोट केलं. "ही तुमची."

फाटकावर खडूने लिहिलं होतं, *मुरबे*.

काका थांबले. वाचलं. परत वाचलं. "आपलं गाव लिवलंय," ते म्हणाले, जणू आम्हाला दिसत नव्हतं.

हिरव्या कापडात बघण्यासाठी एक फट ठेवलेली होती. त्यातून आत गवत, एक वाकडं झाड, माचाण आणि दगडी गुहेसारखी खोली दिसत होती. बाकी काही नाही. जानूने दुसऱ्या बाजूने मांस टाकलं. आम्ही वाट बघत राहिलो. ऊन सरकत होतं. गुहेच्या अंधारात काही हलल्यासारखं वाटायचं आणि परत नाही.

तेव्हा आईंनी तो प्रश्न डॉक्टरांना विचारला. फटीवरून नजर न काढता.

"डॉक्टरीण बाय, खरं सांगा. मी तिला मरू दिली असती तर बरं झालं असतं का? गावात लोक बोलतात. लंगडी करून कोंडली म्हणतात."

काकांनी घसा खाकरला आणि दुसरीकडे बघितलं.

मला वाटलं डॉक्टर आईंना बरं वाटावं म्हणून काहीतरी गोड बोलतील. त्या म्हणाल्या, "आजी, ती सुखात आहे का, हे मला माहीत नाही. ते तिलाच माहीत. मलासुद्धा कधीकधी हाच प्रश्न पडतो, एखादा प्राणी दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसला की. त्या पायाने बाहेर ती आठवडाभरही जगली नसती, आणि हाल होऊन मेली असती, एवढं मी नक्की सांगते. बाकी तुम्ही स्वतः बघा आणि मला सांगा."

"नाय आली तर?" आई म्हणाल्या.

"तर परत या. फाटक उघडं आहे तुम्हाला."

आणि तेवढ्यात ती आली.

आधी डोकं बाहेर आलं, मग खांदे. मला आठवत होती ती वाळलेली, मळकट, जाळ्यांत गुरफटलेली मादी. ही भरलेली होती. अंगावरचे ठिपके उन्हात ओले असल्यासारखे चमकत होते. मागचा डावा पाय मांडीच्या खाली नव्हताच. ती तीन पायांवर चालत होती, आणि त्या चालण्यात लंगडणं होतं, पण लाचारी नव्हती. मांसाकडे तिने बघितलंही नाही. माचाणाखाली आली, वर बघितलं, अंग आखडलं आणि उडी मारली. पुढचे पंजे फळीत रुतले, मागचा एक पाय हवेत झटकला गेला, क्षणभर वाटलं पडणार. आईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. आणि ती वर गेली. माचाणावर बसली, शेपूट खाली सोडली आणि डोंगराकडे तोंड केलं.

मग आई, अगदी हळू, ज्या आवाजात त्या माझ्या मुलीला उठवतात त्या आवाजात म्हणाल्या, "बाय गो... बरी हायस का?"

वाघिणीने मान वळवली. कान मागे गेले. आणि पुढचं एवढं भराभर झालं की मला ते सलग आठवतसुद्धा नाही. ती माचाणावरून खाली, गवतातून सरळ आमच्या अंगावर, धाडकन जाळीवर! सगळी जाळी थरथरली. फटीसमोर उघडा जबडा, सुळे, आणि पोटातून आलेला तो आवाज, जो कानाने नाही तर बरगड्यांनी ऐकू येतो. दामू काका पाठीवर पडले. मी किंचाळले. जानू काठी घेऊन धावत आला.

आई जागच्या हलल्या नव्हत्या. त्या दिवशी दाराशी नव्हत्या हलल्या तशाच. वाघीण एकदा फिस्कारली, वळली आणि मांसाचा तुकडा तोंडात धरून, आमच्याकडे पाठ करून, तीन पायांवर गुहेत निघून गेली.

"माफ करा हो," डॉक्टर घाईने म्हणाल्या. "तिला माणसांचा आवाज... आजी, लागलं नाही ना?"

आई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या.

"नाय वळखलं तिने मना," त्या म्हणाल्या. "बरं झालं! मी काय ओळख मागाया आली होती का? मना भीती होती, कुत्र्यासारखी शेपूट हलवत येते की काय भाकरीसाठी. पिंजऱ्यात राहून राहून." त्यांनी पदराने डोळे पुसले. "राग शाबूत हाय तिचा. सगलाच्या सगला हाय. डॉक्टरीण बाय, तुमी इचारलं ना, बघून सांगा म्हणून? सांगते. ही मेलेली नाय. ही कोंडलेली हाय, पण हरलेली नाय. तुमी चांगली ठेवलीय."

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. त्या गमबूट घातलेल्या, बिबट्यांना इंजेक्शन देणाऱ्या बाईचे डोळेही भरले होते.

काका उठून कपडे झटकत होते. पांढऱ्या शर्टावर मातीचा मोठा डाग. मला वाटलं आता ते काहीतरी टोचून बोलतील.

"काय उडी होती," ते म्हणाले. "वयनी, बघितलीस का? तीन पायांवर!"

निघताना मोबाइल परत मिळाले. तिथे दानपेटी आहे, इच्छेने टाका. त्यापेक्षाही त्यांना जुनी जाड चादरी-पोती, थंडीत आजारी जनावरांसाठी, जास्त उपयोगाची असतात असं स्वयंपाकघरातल्या बाईने सांगितलं. फोन करून विचारून न्या. आईंनी उरलेल्या बोंबलांची पुडी जानूला दिली. "वाघिणीला नको देऊ," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरी ने."

परतीचा रस्ता तोच. विक्रमगडला जेवलो, तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा, तिखट पण झकास. मनोरपासून आई मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या. गेल्या कित्येक महिन्यांत गाडीत, बसमध्ये कुठेच त्या झोपलेल्या मला दिसल्या नव्हत्या. आरशात बघत मी गाडी सावकाश चालवली. एका बाईने एका सकाळी दाराशी बसायचं ठरवलं, म्हणून एक जीव तिकडे डोंगरात गुरगुरतोय, आणि ती बाई माझ्या गाडीत घोरतेय. साताऱ्याला माहेरी फोन करून हे कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवत होते. संध्याकाळी मुरब्यात त्यांना उतरवून मी बोईसरला आले.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे मुरब्याला गेलो. नवरा आणि मुलगी बंदरावर थांबले. मी बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांकडे, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांकडे, गेले. आई तिथे बोंबील जोडीने अडकवत होत्या. पलीकडे, नाव ओढून ठेवली होती तिच्या सावलीत, दामू काका दहाबारा माणसांच्या घोळक्यात बसले होते. हात वर करून उडी दाखवत होते.

"...आणि फाटकावर आपल्या गावाचं नाव! मुरबे! त्या सगळ्या बिबळ्यांत आपली मुरबे सगळ्यात तडफदार. डॉक्टरीण स्वतः बोलली. अरे, त्या दिवशी आमी दाराशी बसलो नसतो ना, तर आज ही वाघीण नसती. मी नि वयनी. आमी दोघं!"

मी आईंकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ऐकू न येण्यासारखं अंतरच नव्हतं.

"आई," मी रागाने म्हटलं, "काका काय सांगतायत! ते तर बांबू घेऊन उभे होते. मी स्वतः बघितलंय."

"सांगू दे," आई म्हणाल्या.

"अहो, पण तुम्ही एकट्या बसला होतात."

त्यांनी हातातली बोंबलांची जोडी दोरीवर टाकली, वाऱ्याने हलणार नाही अशी नीट बसवली आणि दुसरी उचलली.

"सांगू दे गो. आज तो बोलतो मी बसलो होतो. उद्या आणिक चार जण बोलतील, आमी पण होतो." त्या हसल्या. "पुढल्या येळी कोणी वाट चुकून आली, तर दाराशी मी एकटी नसेन."